गेळाचा वास

सुमन कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मी काठावरच्या कातळावरून तिला अजून पुढे जा म्हणत होते. डोहभर मासे वर आले होते, त्यांची पांढरी पोटं उन्हात चमकत होती, आणि फाल्गुनातल्या सकाळचं ते कोवळं ऊन पाण्यावर असं पसरलं होतं की त्या पाण्यात काही वाईट असेल हे कुणाच्या मनातही आलं नसतं. तिने एकदा थांबून मागे पाहिलं.

"जाऊबाय, पान्याला वास हाय गो."

"गेळाचाच वास हाय. चल पुढं."

ती दोन पावलं पुढे गेली, खोकली, हातातली टोपली सोडून दिली आणि पाण्यात खाली बसली.

मला गेळच वाटलं होतं, आधी कुणीतरी सोडलेलं. मी लग्न होऊन बदलापूर गावात आले तेव्हा, नदी आटून डोह सुटे पडले की माणसं गेळाची फळं ठेचून पाण्यात सोडत. मासे गुंगून वर येत. मोठे तेवढे घ्यायचे, लहान आणि गाभोळीचे तसेच राहू द्यायचे. उन्हं कलेपर्यंत ते सावध होऊन पुन्हा तळाला जात. त्या पाण्याला कडवट, हिरवा वास असतो, ओली साल सोलल्यासारखा. असायचा, म्हणायला हवं. माझं नाक जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

आनंदनगरला एका कंपनीत मी पिंपं धुवायचे. कशाची पिंपं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुरुवातीला तो वास डोक्यात चढायचा, पदराबरोबर घरी यायचा, भातालाही लागायचा. मग हळूहळू कमी होत गेला आणि मला बरं वाटलं, कंपनी सुधारली असं मी समजले. एका दुपारी डाळ जळून कोळसा झाली तरी मी शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. भिंतीपलीकडून सुमन, माझी धाकटी जाऊ, धावत आली. तेव्हापासून माझं नाक तीच. दूध नासलं का, सुकटीला ओल लागली का, गॅस उघडा राहिलाय का, हे ती हुंगून सांगायची. दरवर्षी आंबा मोहरला की दारातून ओरडून तेही सांगायची, जणू वास माझ्या वाटणीचा आहे आणि तो पोचवणं तिचं काम. मी तिला कुत्री म्हणायचे. ती म्हणायची, मंग भाकर टाका.

नदीवर त्या वर्षी जया येत होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली ही सिंधी मुलगी कॉलेजात माशांवर संशोधन करायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तरी मी सांगितलेलं ती वहीत लिहून घ्यायची. तिला शेंगटं हवी होती, जिवंत. शेंगट म्हणजे मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. "मावशी, इसकी पूरी चामडीच जीभ आहे," ती म्हणायची. तो अंगभर पाण्याची चव घेतो; पाणी बिघडू लागलं की त्याला आधी कळतं, आणि किती आधी, तेच तिला शोधायचं होतं, म्हणजे नदी मरण्याआधी माणसांना जाग येईल. काही मासे जन्माच्या पाण्याचा वास कधीच विसरत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. हे सांगताना तिला फाळणीत सिंधू नदीचा काठ सोडून आलेली तिची आजी आठवे, जी मरेपर्यंत तिथल्या पल्ला नावाच्या माशाबद्दल बोलत राहिली होती. अंधाऱ्या गुहांतले मासे पिढ्यान्‌पिढ्या डोळे वापरत नाहीत आणि शेवटी आंधळेच जन्मतात, असं ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, पिढ्या कशाला लागतात?

त्या सकाळी मोठी शेंगटं डोहाच्या मधोमध तरंगत होती. म्हणून मी सुमनला पुढे धाडलं. काठाला आलेली तीन लहान शेंगटं आणि एक मरळ मी आधीच हंड्यात टाकली होती, घरून आणलेल्या विहिरीच्या पाण्यात, जयासाठी. सुमन खाली बसल्यावर मी कमरेपर्यंत गेले आणि केस धरून तिला ओढलं. पाण्यावर वाकताना डोळ्यांना आणि छातीला आग लागली, तेव्हा हे गेळ नव्हे ते मला कळलं. म्हशी धुवायला आलेल्या दोघांनी तिला उचललं. वरच्या ओढ्यात पहाटे कुणीतरी रसायनाचा टँकर रिकामा केला होता, असं नंतर ऐकलं. कुणाचा, ते कळलं नाही.

उल्हासनगरच्या दवाखान्यात ती तीन दिवस होती. "मी तुम्हाला सांगितलं होतं," असं ती मला एकदाही म्हणाली नाही. तोंडात नळी होती. नळी नसती तर म्हणाली असती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

तिच्या दहाव्यानंतर जया आली. पायरीवर बसली आणि वही मांडीवर ठेवली.

"मावशी, माझ्यासाठीच उतरली ना ती?"

"नाय. मी उतर म्हटलं म्हणून उतरली."

मग मी तिला मेलेल्या माशांची नावं सांगितली, एकेक करून, आणि ती लिहीत गेली. दारातल्या आंब्याचा मोहर गळून अंगणभर पडला होता. त्या वर्षी तो उशिरा, सुमन दवाखान्यात असताना फुलला असावा; ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हशीवाल्यांनी घरी आणून ठेवलेला हंडा अजून तिथेच झाडाखाली होता. त्यातली शेंगटं घरी पोचायच्या आतच मेली होती. उरलेली मरळ दर थोड्या वेळाने वर येई, तोंड बाहेर काढून हवा घेई आणि पुन्हा खाली जाई. मरळीच्या पूर्वजांना कधीकाळी पाण्यातली हवा पुरेनाशी झाली, तेव्हा ते वरची हवा घ्यायला शिकले, त्याला लाखो वर्षं लागली, असं जया हळू आवाजात म्हणाली. मग पान उलटून तिने विचारलं, वाचलं कोण?

मी सांगितलं ते तिने लिहिलं नाही: एक मरळ, आणि मी.