पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेले नर्तक

माझ्या लेकीने नाच सोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि का सोडला ते तिने जवळजवळ वर्षभर सांगितलं नाही. आमच्या सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामधली जागा तिच्या गिरक्यांसाठी मोकळी ठेवलेली असायची. तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आला. मी विचारलं, रागावले, आमिषं दाखवली. 'नथिंग लाह' या तिच्या सिंगापुरी उत्तरापलीकडे गाडी जाईना.

मग मी शक्कल लढवली. जुन्या अमेरिकन टीव्हीवरचे गाण्या-नाचाचे कार्यक्रम मला इंटरनेटवर सापडले होते आणि त्यांचं मला वेडच लागलं होतं. कृष्णधवल चित्र, पुढे गाणारा, मागे दहा-बारा नाचणाऱ्यांची रांग. बरेचसे थेट प्रक्षेपणच. चुकलं तर अख्ख्या देशासमोर चुकलं. पुढच्या गायकात मला काडीचा रस नव्हता. मी बघायची ती मागच्या रांगेतल्या पोरींना. एखादीची टाच घसरायची, पण तोंडावरचं हसू ढळायचं नाही. धन्य त्या बायका.

नवरा शनिवारीसुद्धा कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला कामावर जायचा. आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसायचो. मी मुद्दाम काही बोलायची नाही, आणि मला ते किती जड जातं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या शनिवारी सोफ्यावरून लोंबकळणारे तिचे पाय हलायला लागले. पाचव्या शनिवारी तिने स्टँड भिंतीकडे सरकवला आणि टॅप डान्सच्या चार स्टेप्स करून दाखवल्या. मी हरखले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात मनातल्या मनात तिचं नाव देऊनही टाकलं.

पुढच्या शनिवारी मी आणखी जुना एक कार्यक्रम लावला. पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेले नर्तक रांगेने आले. चेहरे काळेकुळकुळीत, ओठांभोवती पांढरा रंग. माणसं गोरी होती. कॉलरच्या वर रंग संपलेला दिसत होता. ते डोळे गरागरा फिरवत होते आणि प्रेक्षक खदाखदा हसत होते. बघ, किती मेहनतीने रंगवलेत, असं मी कौतुकाने म्हटलं.

लेकीने लॅपटॉप मिटला. काळ्या लोकांची टिंगल करायला गोरे लोक असे तोंडं रंगवायचे, हे तिने शाळेच्या लायब्ररीत वाचलं होतं. मी चाट पडले. असल्या किळसवाण्या प्रकाराला मी दाद दिली होती. मला खरंच माहीत नव्हतं गं, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"यू ऑल्सो डिड, आई," ती म्हणाली. "आदिवासी डान्सला. सगळ्यांना तू ब्लॅक कलर लावलास. माझा टर्न आला तेव्हा म्हणालीस, हिला नको, हिचा रंग आयताच आहे. एव्हरीबडी लाफ्ड. तू पण."

आदल्या वर्षीच्या गणपतीत मंडळाचा तो नाच मीच बसवला होता. आमच्याकडे महाराष्ट्रात प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला असतो तसा, पानांचे झगे आणि पुठ्ठ्याचे भाले घेऊन. जन्मात एकाही आदिवासी माणसाशी मी बोललेले नाही. रंगाची डबी आठवली, स्पंज आठवला, रांगेत उभी असलेली आठ मुलं आठवली. मी तसं बोलल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

पण ती खोटं सांगत नव्हती. कारण ते वाक्य मला तोंडपाठ होतं. पुण्यात चौथीच्या गॅदरिंगला आमच्या बाई शब्दन् शब्द तेच म्हणाल्या होत्या, माझ्याबद्दल. लेकीने रंग माझाच घेतलाय. त्या दिवशी इतर मुलींच्या आधी मी हसले होते, मला लागलंय हे कुणाला कळू नये म्हणून. नंतर मी ते विसरून गेले, असं इतकी वर्षं समजत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शेवटी, तूही हसलीस का गं तेव्हा, एवढंच कसंबसं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत होते."