संप मिटला की या

मी घरी शिकवण्या घेते. वर कुणी मालक नाही, त्यामुळे आजारपणाचा विमा माझा मीच उतरवायचा. कंपनी बदलली की नवा फॉर्म, आणि त्यात आई कशाने गेली हा रकाना. मी 'कॅन्सर' लिहायला घेतलं की एजंटच्या कपाळाला आठ्या पडतात. "मॅडम, वृद्धापकाळ टाका ना." माझी आई एकेचाळिसाव्या वर्षी गेली. डोंबलाचा वृद्धापकाळ!

लालबागच्या चाळीत आम्ही 'विम्यातले' होतो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या पगारातून थोडे पैसे कापले जायचे आणि घरातल्या सगळ्यांना कामगार विम्याचा दवाखाना फुकट. त्याचा बाबांना केवढा तोरा! परळचं म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर, पण ते त्यांच्या मते ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी होतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं तेव्हा आईच्या छातीत गाठ हाताला लागली. तिने ती आधी मला दाखवली. मी सतरा वर्षांची होते. आम्ही तिघं विम्याच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "गिरणीकडून पैसे यायचे बंद झालेत. हे कार्ड आता चालणार नाही. संप मिटला की या."

माणूस वाईट नव्हता, बोलायचं म्हणून बोलला. पण बाबांनी त्याचं ते बोलणं तारीख मिळाल्यासारखं धरून ठेवलं. "संप मिटू दे, मगे जावया," हे त्यांचं पालुपद झालं. परळला जाऊ म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. तिथे केसपेपर काढताना धंदा विचारतात, आणि 'बेकार' म्हणायला ते तयार नव्हते. तसं म्हणणं म्हणजे गिरणी सुटली हे आपल्याच तोंडाने कबूल करणं. आई म्हणायची, "माका काय जाला नाय." आणि मी? मला तिला हाताला धरून नेता आलं असतं. मी नेलं नाही. बाबांच्या रागाला भ्यायले, आणि संप मिटेल असं मलाही वाटत होतं. त्याची शरम अजून जात नाही.

संप काही मिटला नाही. संपातली दुसरी दिवाळी झाली आणि गाठ फुटली. खोलीत वास भरून राहायला लागला, तेव्हा बाबा मुकाट्याने आम्हाला घेऊन परळला निघाले. खिडकीवर धंदा विचारला. त्यांनी 'गिरणी कामगार' असंच सांगितलं. समोरच्याने मान वर न करता तेच लिहून घेतलं.

डॉक्टरीण तरुण होती. पट्टी सोडताच तिचा चेहरा उतरला.

"किती दिवस झाले हे होऊन?" तिने बाबांना विचारलं.

वर्ष व्हायला आलं होतं. आईने पदर सावरला.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "ह्यांनी लगेच आणलं मला."