लॉडन नदीत मला कुणी धरलं होतं?

मुकुंदकाकांवर अन्याय झाला आहे. मुकुंदकाका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, राहणार मेडनहेड, इंग्लंड. गेल्या जुलैतल्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, लॉडन नदीच्या काठी हा अन्याय सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा त्याला हातभार आहे. ती क्लिप तुमच्या फोनवर आली, तुम्ही ती पुढे ढकललीत. खाली कुणीतरी लिहिलं होतं... "माशासाठी पुतणीला मरायला सोडणारा काका."

ती पुतणी मी. मेले नाही, म्हणून लिहिते आहे.

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप वाजणारी बेल, वगैरे. माझा असल्या कशावरही काडीचा विश्वास नव्हता. मी नद्यांमध्ये सांडपाणी सोडण्याविरुद्ध काम करते. शनिवारी स्टेशनबाहेर उभी राहून पत्रकं वाटते, ती लिहितेही मीच. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे — जे दाखवता येत नाही, ते छापायचं नाही. आज तो नियम मी मोडते आहे आणि मला त्याचा भयंकर राग येतोय.

जागा सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. लॉडनवर एक छोटा बंधारा आहे. त्याच्या खाली पाणी खडीवरून उथळ आणि जोरात वाहतं. पुढे उजव्या हाताला विलोचं एक मोठं झाड पाण्यावर वाकलंय आणि त्याच्या मुळांखाली तळ एकदम खोल जातो. त्याच्याही पुढे लाकडी पादचारी पूल. पुलावरून नदीच्या वरच्या बाजूला बघितलं, की विलो आणि बंधारा एकाच नजरेत येतात. हे लक्षात ठेवा, क्लिप तिथूनच काढली आहे.

काका तिथे बार्बेल आणि चब पकडायला जायचे. चब म्हणजे जाड ओठांचा, खादाड मासा. त्याला ब्रेड चालतो, चीज चालतं, काकूंच्या शंकरपाळ्याही चालतात. बार्बेलचं प्रकरण वेगळं. लांबट, सोनेरी, तोंडाला चार मिशा, तळाला चिकटून राहणारा. काका म्हणतात, आपल्या महाशीरचा लांबचा चुलतभाऊ. आणि पकडलेला प्रत्येक मासा ते पाण्यात परत सोडायचे. त्यावरून काकू दर शनिवारी तोंडसुख घ्यायच्या — "दिवसभर उन्हात उभे राहता आणि मोकळ्या हातांनी येता. निदान मंडईत तरी जाऊन या!"

मला मासेमारी पटत नाही. मी गेले होते पाण्याचे नमुने घ्यायला. विलोच्या वर एक पाइप नदीत येतो, तिथलं पाणी बाटल्यांत भरायचं होतं. ती जागा काकांच्या मासेमारी क्लबची, तिथे पाहुण्यासोबत कुणी सभासद लागतो, म्हणून काका. त्यांनी मला त्यांचे जुने वेडर्स दिले, म्हणजे छातीपर्यंत येणारी बुटांसकट रबरी विजार. कमरेचा पट्टा बांधलाय की नाही, हे त्यांनी स्वतः ओढून बघितलं. क्लब म्हणतो, काकांनी हयगय केली. हयगय करणारा माणूस पट्टा ओढून बघत नाही.

सकाळी त्यांना एक बार्बेल लागला. बराच वेळ झुंज चालली. शेवटी तो जाळीत आला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. काका त्याला घेऊन उथळ पाण्यात वाकले. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हाताने शेपटीच्या जरा अलीकडे धरलेलं, आणि माशाचं तोंड वरच्या दिशेला, येणाऱ्या पाण्याकडे.

"सोडा की आता," मी म्हणाले.

"आत्ता सोडला तर उताणा होऊन वाहत जाईल आणि मरेल. हा जीव जाईपर्यंत झुंजतो गं. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं. कल्ल्यांतून पाणी गेलं की दम परत येतो."

"किती वेळ?"

"ते त्याने ठरवायचं. स्वतःहून शेपटी मारली की हात उघडायचा. त्याच्या आधी नाही. उन्हाळ्यात तर फारच वेळ लागतो."

"इतकी काळजी आहे, तर पकडलाच कशाला?"

"हे छाप तुझ्या पत्रकात," काका हसले. "माझा फोटोही टाक. चांगला टाक पण, पोट आत घेतलेला."

तेवढ्यात माशाने शेपटीचा फटका मारला, काकांच्या चष्म्यावर पाणी उडालं, आणि तो गेला.

दुपारी त्यांना दुसरा लागला, आधीच्यापेक्षा मोठा. मी तेव्हा खाली विलोजवळ होते, काका वर बंधाऱ्यापाशी. आमच्यात क्रिकेटच्या पिचपेक्षा जरासं जास्त अंतर. त्यांनी मासा आणला आणि सकाळसारखेच पाण्यात गुडघे टेकून वाकले. तोंड बंधाऱ्याकडे, पाठ माझ्याकडे. बंधाऱ्याचा आवाज असा, की शेजारी उभं राहून बोललं तरी ओरडावं लागतं.

मी बाटली बुडवायला एक पाऊल पुढे टाकलं. पायाखाली खडी होती... आणि मग नव्हती.

मी ओरडले नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण क्लबच्या पत्रात "तिचा आरडाओरडा ऐकूनही" असे शब्द आहेत. तोंड उघडायच्या आधीच ते पाण्याने भरलं होतं. मला पोहता येतं, चांगलं येतं. पण छातीवरून वेडर्समध्ये पाणी शिरलं आणि पाय माझे राहिले नाहीत. प्रवाहाने मला फिरवलं, तोंड खाली केलं. डोळ्यांसमोर हिरवं, मग तपकिरी. हात कशाला तरी लागत होते, मुळं असावीत, ती निसटत होती. एका क्षणी हात हलवायचंही सुचेना. आईचा चेहरा वगैरे काही आठवला नाही. फक्त वाटलं — अरे, असं असतं तर.

आणि मग मला कुणीतरी धरलं.

एक हात बरगड्यांखाली, पोटावर, सपाट. दुसऱ्याने माझे पाय पकडले, घोट्यांच्या वर. दोन्ही पाय. एका मुठीत. वेडर्सच्या जाड रबरावरून, बुटांसकट. मला वळवलं गेलं, घाईने नाही, सावकाश, आणि माझं तोंड पाण्याच्या वर आलं, वरच्या दिशेला, प्रवाहाच्या समोर. मला समोर काकांची पाठ दिसत होती. दूर, वाकलेली, न हललेली. त्यांचे हात पाण्यात होते, त्या माशाभोवती.

मग मला कुणी धरलं होतं?

मी मान वळवायचा प्रयत्न केला. पोटाखालचा हात किंचित वर दाबला गेला... स्वस्थ राहा, असं सांगावं तसा. मी खोकले, पाणी ओकले, श्वास घेतला, परत खोकले. पकड घट्ट होती, पण दुखत नव्हती. थंडही नव्हती, गरमही नव्हती. आणि मला कळलं, की हे काय चाललंय ते मी सकाळीच बघितलंय. ते कळल्यावर जी भीती वाटली, ती बुडताना वाटली नव्हती.

मी लाथ मारली. जीव खाऊन.

मूठ तत्क्षणी उघडली.

मी कशीबशी खडीवर आले, हातांवर आणि गुडघ्यांवर. त्याच वेळी वर काका उठले, वळले, आणि हसत ओरडले, "गेला! बघितलास का, कसला गेला—" आणि मग त्यांनी मला बघितलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा ज्यांनी बघितला नाही, त्यांनी "सोडून दिलं" हा शब्द वापरू नये. ते पळत आले, खडीवर पडले, परत उठले. माझं डोकं मांडीवर घेतलं. "कधी? अगं कधी? मला कळलं कसं नाही?" एवढंच.

संध्याकाळपर्यंत क्लिप मेडनहेडपासून लंडनच्या एजवेअर, इल्फर्डपर्यंत पोचली. त्यात काय दिसतं? पाण्यात मी, आणि मागे काकांची पाठ. बस. क्लबने त्यांना काढून टाकलं. ऑफिसातल्या मराठी पोरांनी लंचला त्यांच्या शेजारी बसणं सोडलं. आणि माझी आई... आईने काकांशी बोलणं बंद केलं. गणपतीला पहिल्यांदा ते आमच्याकडे आले नाहीत.

मी आईला सांगितलं होतं, "अगं, मला काकांनीच धरलं असणार, मला नीट आठवत नाही." सगळं तिथेच मिटलं असतं. पण काका स्वतः म्हणाले, "नाही वहिनी. मी नव्हतो. मला कळलंसुद्धा नाही." न केलेल्या गोष्टीचं श्रेय त्यांना नको होतं. त्या एका वाक्यावर लोकांनी त्यांना फासावर चढवलं.

आता स्पष्टीकरणं. बाबा म्हणतात, वेडर्समध्ये हवा अडकली असेल, तिने वर उचललं. असेल. ग्रुपमधला मित्र म्हणतो, विलोखाली भोवरा असतो, त्याने वळवलं. असेल. मी त्या जागी परत गेले, काठी टाकून बघितली, भोवरा सापडला नाही. आणि सापडला असता, तरी भोवऱ्याला मूठ नसते. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही पायांवर घोट्यांच्या वर काळेनिळे पट्टे उठले होते. फक्त बाहेरच्या बाजूंना. आतल्या बाजू, जिथे पाय एकमेकांना चिकटले होते, स्वच्छ. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, बघितलं आणि विचारलं, "तुझे पाय कुणी एकत्र बांधले होते का?" मी नाही म्हणाले. तिने पाय परत एकदा बघितले.

नदीत काय आहे ते मला माहीत नाही, आणि मी ते माहीत असल्याचा आव आणणार नाही.

पण एका व्यक्तीला काहीतरी माहीत आहे. ती क्लिप आवाज बंद करून बघितली असेल, तर आता हेडफोन लावून ऐका. अगदी शेवटी एका बाईचा आवाज आहे. मराठी आवाज. "अहो, थांबा... तिला खालून कुणीतरी धरलंय. बघा ना, ते—" आणि क्लिप कापलेली आहे. क्लबच्या लोकांना मराठी कळत नाही. मी भाषांतर करून दिलं, तर उत्तर आलं, आवाज अस्पष्ट आहे. आपल्या लोकांना मराठी कळतं, त्यांनी ऐकलंच नाही.

ताई, तुम्ही त्या पुलावर होतात. शूटिंग तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी केलंत, आणि कापलंतही तुम्हीच. पुढच्या भागात काका वळताना दिसतील. मला बघून ते कसे धावले, हे दिसेल. आणि त्याच्या आधी माझ्याखाली जे होतं, तेही दिसेल. तुम्ही ते बघितलं आहे. घाबरला असाल, मीही घाबरले आहे. पण तुमच्या भीतीची शिक्षा एक निरपराध माणूस भोगतो आहे. अख्खा व्हिडिओ या सदराच्या संपादकांकडे पाठवा. नाव सांगू नका हवं तर. पण न कापता पाठवा, आणि आजच पाठवा.