माळावर आहे काय?

आमच्या खात्यात फायली साचतात, तसे किस्सेही साचतात. फाइल निदान कधीतरी निकाली निघते. किस्सा निघत नाही, टपरीवर चहा घेताना कुणीतरी "आठवतंय का?" म्हणतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! वनरक्षक म्हणून मी इंदापूर-बारामतीच्या माळांवर अर्धं आयुष्य काढलं. त्यातलं बरंचसं आमचे वनपाल शेखभाऊ यांच्या हाताखाली. भाऊ मूळचे वरकुट्याचे, घरची शेती. हसवता हसवता एकदम गप्प व्हायची त्यांना सवय. हे किस्सेही तसलेच. हसा, पण जरा बेतानं!

* * *

एकदा पुण्याची एक गाडी रस्ता सोडून थेट माळावर आली. डबे उघडले, सतरंजी पसरली. आम्ही गेलो तर गाडीवाले दादाच आमच्यावर चिडले.

"बोर्डावर 'राखीव वन' लिहिलंय म्हणून एवढ्या लांब आलो. जंगल कुठंय?"

भाऊ म्हणाले, "तुमच्या टायरखाली हाय, दादा!"

सगळे हसले. ती मंडळीही चांगली होती, सॉरी म्हणाली, कचरासुद्धा उचलून घेऊन गेली. गाडी हलली तसे भाऊ टायरच्या खुणेजवळ उकिडवे बसले. गवतात चंडोलाचं घरटं होतं. पुढचं सांगत नाही.

* * *

मग आम्हाला एक तरुण रेंजर साहेब मिळाले. हौशी माणूस! जीपमध्ये बसल्या बसल्या मला शिकवायचे. "ताई, राष्ट्रीय उद्यान सगळ्यात कडक. अभयारण्य त्याच्या खालोखाल. संवर्धन राखीव म्हणजे सरकारी जमीन, पण गावाला सोबत घेऊन राखायची. आपल्या माळाला तेच बरोबर बसतं!"

आमच्या वनाला लागून मोठं गायरान होतं. चिंकारा विणीला तिकडंच जायची. साहेबांनी त्याचा प्रस्ताव केला, उन्हातान्हात स्वतः हद्द फिरले, आणि मोठ्या मीटिंगला आम्हाला घेऊन गेले. कागदोपत्री ती जमीन होती 'पडीक'.

मीटिंगमधल्या मुख्य साहेबांनी विचारलं, "तिथं सध्या काय आहे?"

"गवत आहे, सर. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी..."

"ते झालं हो! पण आहे काय?"

आमच्या साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. आता तिथं सोलरच्या काचा आहेत. वीज वाईट थोडीच आहे, आमच्या ऑफिसातला पंखाही तिच्यावरच फिरत असेल. पण साहेबांची बदली होईपर्यंत त्या रस्त्यानं जीप निघाली, की ते मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत बसायचे.

* * *

आणि दुसऱ्यांना कशाला नावं ठेवायची? आम्ही काय कमी होतो! वरून वृक्षारोपणाचा हुकूम आला. होतं ते चांगलं पवण्या गवत उपटून आम्हीच खड्डे घेतले. मांडव, लाउडस्पीकर, पाहुणे. पाहुण्यांनी रोप लावलं, फोटो झाला. कडेला आमचे मेंढपाळ बिरा आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"आबा, आता इथं मोठं जंगल होणार! खूश ना?"

"व्हय तर!" आबा म्हणाले. "फकस्त हरणांनी आन् माझ्या मेंढरांनी आता कुठं जायचं, त्येवढं माईकवर सांगून टाका!"

तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. गवत मात्र त्या खड्ड्यांच्या ओळींत अजून नीट धरत नाही.

* * *

याच बिरा आबांचं कोकरू लांडग्यानं नेलं. पंचनामा करायला मी आणि भाऊ गेलो, तर आबा ऐकेनात.

"काय न्हाय झालं. कोकरू हरावलंय."

"आबा, रक्त दिसतंय की!" मी म्हणाले. "भरपाई मिळेल."

"नगं. मागल्या टायमाला सांगितलं तवा आधी तुमी आला. तुमच्या मागनं पेपरवाले आले. त्यांच्या मागनं फटफट्या आल्या, आन् पोरांनी लांडगीण पार दमंस्तवर पळीवली. पिल्लं बिळात तशीच ऱ्हायली." आबांनी धोतरानं डोळे पुसले. "माझं एक कोकरू गेलं. तिची समदी गेली."

लांडगा कायद्यानं वाघाइतकाच संरक्षित आहे, हे मी ट्रेनिंगमध्ये पाठ केलं होतं. पंचनाम्याचा कोरा कागद तेवढा घडी करून खिशात ठेवला. परतताना भाऊ एवढंच म्हणाले, "आपण न्हाय आलो, तर संरक्षण बरं व्हतं म्हणायचं!"

* * *

एकदा भिगवणला अफवा उठली, धरणाचं पाणी अभयारण्य होणार! मासेमारी बंद! समजूत घालायला आम्ही बंदोबस्तासह पोचलो. भाऊंनी झकास भाषण केलं. "घाबरू नका. शब्दाचा अर्थ बघा. अभय अरण्य. जितं कुणालाच भय न्हाय!"

मासळी विकणाऱ्या गंगाबाई टोपली घेऊन उठल्या. "कुणालाच न्हाय?"

"न्हाय!"

"मग हे पोलीस कशाला आणल्यात, भाऊ?"

पोलीससुद्धा हसले! अभयारण्य काही झालं नाही. दुसरंही काही झालं नाही. पाणी कुणाचंच राहिलं नाही म्हणून सगळ्यांचं झालं. रोहित पक्षी अजून येतात. पण बघायला नाव आता बरीच आत न्यावी लागते, आणि ती जवळ गेली की ते उठतात.

* * *

शेवटचा किस्सा भाऊंच्या रिटायरमेंटनंतरचा.

भाऊ बारामतीजवळ जळोचीला भाड्यानं राहायचे. तिथंच जवळ त्यांनी प्लॉट घेतला होता. दोन खोल्या, पुढं ओटा, दारात कलमी आंबा. आम्हाला नकाशा तोंडपाठ होता. विटा येऊन पडल्या, गवंडी ठरला. आजूबाजूला सगळी घरं उठलेली, गवत राहिलं होतं ते फक्त भाऊंच्या प्लॉटवर.

एके दिवशी सकाळी ऑफिसला फोन आला, जळोचीच्या सोसायटीत जंगली जनावर घुसलंय! मी जाळी घेऊन पोचले. भाऊंच्या प्लॉटवर, विटांच्या ढिगाआड, चिंकाऱ्याची मादी उभी होती. गल्लीत ही गर्दी, सगळ्यांचे मोबाइल वर, कुत्री भुंकतायत. आणि मधे बनियनवर, दोन्ही हात पसरून शेखभाऊ!

"मागं व्हा! पाया पडतो, मागं व्हा!"

"भाऊ, जाळी आणलीय."

"जाळी नगं, ताई. धरायला गेलं की काळीज फुटतं तिचं. तू कुत्री आवर. ती तिच्या पायानं जाईल."

दिवसभर आम्ही दोघं उन्हात उभे होतो. वहिनींनी चहा तिथंच आणून दिला. दिवस कलला, गल्ली सामसूम झाली, तशी ती विटांआडून बाहेर आली, रस्त्याच्या कडेला थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि कॅनॉलच्या दिशेनं निघून गेली.

ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याला भाऊंनी परत पाठवलं. पुढच्या महिन्यात विटा शेजाऱ्याला देऊन टाकल्या. वहिनी काही दिवस चिडल्या होत्या, मग त्याही भाड्याच्या घरात रमल्या.

परवा ईदला शिरखुर्मा खायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, "प्लॉटवर बसलेत, बोलवून आण." गेले. कमरेएवढं गवत, कडेला खुर्ची टाकून भाऊ. तेवढ्यात समोर नव्यानं राहायला आलेलं जोडपं फिरत फिरत थांबलं.

"काका, एवढी मोक्याची जागा! इथं काय होणार आहे?"

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गवताकडे.

"झालंय की!" ते म्हणाले.