उपाशी बांधी

भूमेश्वरी रहांगडाले माझी शाळेपासूनची मैत्रीण. आज ती पीकशास्त्रज्ञ आहे आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मुडपत नाहीत. लोकांना तिच्या पदव्या सांगायला आवडतात. मी बोटांचं सांगते.

तिचं संशोधन धानाच्या भुकेवर. मुळांना झिंक मिळालं नाही की रोपाच्या आत जाळ पेटतो. शास्त्रात त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रोप स्वतःलाच जाळतं, पानांवर गंजासारखे डाग पडतात. घरात दाणा नसला की घरचेच एकमेकांच्या अंगावर धावतात, तसं ते, असं ती म्हणायची. आमच्या दवनीवाड्यात बापाच्या वाट्याच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, तिने यासाठी घेतल्या. एकीत झिंक घातलं, दुसरी मुद्दाम उपाशी ठेवली. ही उपाशी बांधी फुलोऱ्यापर्यंत उभी राहिली तरच मुळं तपासता येणार होती. नाहीतर सगळं वर्ष मातीत.

खालची बांधी तिच्या चुलतभावाची, भोजराजची. आमच्याकडे तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. भोजराजचा धानही लाल पडू लागला, आणि बहिणीच्या बांधीतून विष उतरतंय अशी त्याने गावभर बोंब ठोकली. पाणी वाटायला सारा गाव तलावाच्या तुडुमावर, म्हणजे पाणी सुटतं त्या तोंडाशी, जमला होता. भूमेश्वरीने तिथेच त्याला समजावलं की भूक काही पाण्यातून पसरत नाही.

"दादा, तुही बांधी माह्यानं नाई बिघडली. तुही जमीनच उपाशी हाये."

बोलली ते खरं होतं. पण कुठे काय बोलावं हे शास्त्रात शिकवत नसावेत. माळव्याहून येऊन आम्ही ही जमीन केली, असं मिशीला पीळ देत सांगणारं ते घराणं. चारचौघांत त्यांच्या जमिनीला उपाशी म्हणणं म्हणजे आईवरून शिवी देणं. भोजराजने तिच्या थोबाडीत मारली. तिने पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर हाणली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इळा घेऊन तिच्या उपाशी बांधीत शिरला आणि कचाकच कापत सुटला. ती आडवी गेली. त्याचं मनगट धरायला गेली तसा इळा तिच्या बोटांवरून फिरला. रक्ताळलेल्या हातांनी तिने उरलेली रोपं कवेत धरली. त्याने केस धरून तिला चिखलात आपटलं. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दगड मारला, तो त्याच्या कपाळात बसला, तरी गडी थांबला नाही. एक रोप उभं ठेवलं नाही त्याने. त्याची बायको सुखवंता तोंडात पदर कोंबून पाहत होती.

पोलीस आले, केस झाली, तो जामिनावर सुटला. मग एका दुपारी सुखवंता लपतछपत भूमेश्वरीकडे झिंक मागायला आली. मी तिला दारात उभी केली नसती. भूमेश्वरीने मात्र पट्टी बांधलेल्या हाताने तिला घरात उरलेलं झिंक दिलं. सुखवंताने ते नवऱ्याच्या नकळत त्यांच्या बांधीत टाकलं, अर्ध्याच बांधीला पुरलं. काही दिवसांनी अर्धी बांधी हिरवी आणि अर्धी लाल, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी अशी.

भोजराजला कळायचं ते कळलं. तोच इळा घेऊन तो हिरव्या अर्ध्यात उतरला. लाल धानाला हात लावला नाही. भरभरून आलेला, स्वतःच्या घरचा धान कापायला लागला.

सुखवंताने बैल हाकायची काठी उचलली. पहिला फटका मनगटावर बसला, इळा चिखलात पडला.

"तुमी बाईची बोटं कापली, तवा मी गप्प रायली. आता माह्या पोराइचं जेवन कापून रायले काऊन?"

मग ती मारत राहिली. तो गुडघ्यावर आला तरी थांबली नाही. सारा गाव धुऱ्यावर उभा होता आणि कोणीही सोडवायला गेलं नाही. मीही नाही.

यंदा भूमेश्वरीने पुन्हा एक बांधी उपाशी ठेवली. परवा तिथे फुलोरा आला. ती डाव्या हाताने मुळं उपटत होती आणि सुखवंता तीच काठी टेकून धुऱ्यावर उभी होती. भोजराज हल्ली लांबच्या वाटेने शेतात जातो.