डंखापाशी मांडलेलं स्टूल

खांद्यावरच्या पंच्याने स्टूल पुसायचं, मसाला कुटायच्या डंखापासून हातभर अंतरावर मांडायचं आणि समोरच्या बाईला म्हणायचं, "बसा. कुटून होईपर्यंत उठायचं नाही. आपलं आपल्या डोळ्यांसमोर." आमच्या आमदारसाहेबांचं हे मूळ भाषण. तेव्हा ते आमदार नव्हते. लालबागमध्ये त्यांचं मसाल्याचं दुकान होतं आणि आम्ही त्यांना शेठ म्हणायचो.

तुमच्यापैकी जे कोणी उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावून त्या गल्लीतून गेले असतील, त्यांना हा रिवाज ठाऊक असेल. निवडून, वाळवून आणलेली मिरची भाजून डंखाखाली पडते, लोखंडी मुसळं धाडधाड आपटत राहतात आणि जिची मिरची ती बाई तिथेच बसून राहते. उठली, की तिची बेडगी दुसरीकडे जाते आणि भलताच भुगा घरी येतो, असा सगळ्यांचा समज होता. तो अगदीच खोटा नव्हता. बाकीचे दुकानदार "मावशी, तासाभराने या" म्हणायचे. शेठ उठूच द्यायचे नाहीत. म्हणून रांग त्यांच्याकडे असायची.

बाबांची गिरणी बंद झाली, त्या वर्षी आईने मसाला केला नाही. शेठना ते कसं कळलं देव जाणे. त्यांनी निरोप धाडला, "काकी, डंख रिकामा आहे, या." मिरची त्यांची, धणे-खसखस त्यांची, भाजणंही त्यांचं. आई पिशवी उचलून निघू लागली, तर म्हणाले, "काकी, उठायचं नाही. फुकटचा असला तरी तुमचाच मसाला आहे." संकोचाने अर्धमेली झालेली आई शेवटपर्यंत स्टुलावर बसून राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांच्याविरुद्ध बोलायची सोय उरली नाही.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिल्यावर दुसरं काय होणार? मंडळाची पोरं फिरली, बायकांनी ओवाळलं, शेठ निवडून आले आणि साहेब झाले. माझा छापखाना नुकताच बंद पडला होता. "तुझं मराठी स्वच्छ आहे. माझी पत्रं तू लिही," ते म्हणाले. मी त्यांच्या कार्यालयात टेबल धरून बसलो तो पंधरा वर्षं.

पहिली पाच वर्षं मी अभिमानाने सांगेन अशी होती. गळक्या छपराचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं, की साहेब त्याला माझ्यासमोर बसवायचे. मी पत्र लिहायचं, त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तो हो म्हणाला की मगच साहेब सही करायचे. "आपलं आपल्या डोळ्यांसमोर," म्हणायचे आणि मला डोळा मारायचे.

दुसऱ्या खेपेला कार्यालयात एसी आला. मिरचीच्या धुरळ्यात उभी हयात गेली तरी कधी न शिंकलेला हा माणूस एसीत शिंकू लागला. मला हसू यायचं. वाचून दाखवणं हळूहळू बंद पडलं. "तू लिहून ठेव रे, मी बघतो," असं सुरू झालं. दुकान पुतण्याकडे गेलं. पुढे त्या पुतण्याची एका बिल्डरबरोबर ऊठबस सुरू झाली आणि आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी निघाली.

चाळीच्या चौकात सभा झाली. साहेबांनी माइकसुद्धा घेतला नाही. "माझ्या डंखावर कधी कोणाची मिरची बदलली? मग घर कसं बदलेल? याच जागेवर, रस्त्याच्या तोंडाला, तुमची इमारत आधी उभी राहील." टाळ्या पडल्या. आई उठून उभी राहिली. "पण आमी बसाचा खय?" तिने विचारलं. लोक हसले. साहेबांना मात्र नेमकं कळलं होतं. ते म्हणाले, "काकी, आता तुम्ही बसायची गरज नाही. मी बसलोय ना."

संमतीपत्रावर सही करताना आईने माझ्याकडे पाहिलं. कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.

चाळ पाडली. आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. लालबाग तिथून इतकं लांब, की आईच्या मैत्रिणी एकदाच येऊन गेल्या. वर्षभराने साहेबांनी मला एक पत्र लिहायला सांगितलं. बाहेरच्यांना विकायचा टॉवर पुढे रस्त्यावर, आधी. रहिवाशांची इमारत मागे नाल्याकडे, नंतर. त्याला साहेबांची शिफारस. मी दोनदा वाचलं आणि म्हटलं, "साहेब, चाळीत सांगायला हवं." ते बराच वेळ नाक पुसत राहिले. "लोक घाबरतील रे. झाल्यावर सांगू." मी पत्र छापून पुढे ठेवलं. त्यांनी सही केली. मोठ्याने कोणी वाचलं नाही.

तुम्ही म्हणाल, नोकरी सोडायची होती. बरोबर आहे. मी सोडली नाही. मला त्यांचा राग येतो, पण माझा मला जास्त येतो. त्यांनी निदान कोणाच्या तरी आईला फसवलं, मी माझ्याच आईला फसवलं.

टॉवर उभा राहिला. मागची इमारत जोत्यावर थांबली, ती अजून तिथेच आहे. साहेबांचं तिकीट कापलं, त्यांनी पक्ष बदलला, आपटले. चाळकरी रस्त्यात दिसले की ते दुसऱ्या फुटपाथवर जायचे. मग आजार, आणि गेल्या हिवाळ्यात गेले.

शोकसभेला आई हट्टाने आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, टॅक्सीने, कडक इस्त्रीची साडी नेसून. येण्याआधी तिने मला विचारलं होतं, "त्या टॉवरच्या कागदाचा तुका म्हायत होता?" मी हो म्हटलं होतं. सभेत तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. समोर साहेबांचा पंचा घेतलेला जुना फोटो होता. एकामागून एक वक्ते त्यांच्या सचोटीबद्दल बोलले. डंखाचा किस्सा तिघांनी सांगितला.

शेवटी दोन मिनिटं शांततेसाठी सगळी सभा उभी राहिली. आई बसूनच होती. लोक पाहू लागले. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "आई, ऊठ."

तिने फोटोवरची नजर काढली नाही.

"तोच सांगी होतो," ती म्हणाली, "काकी, उठू नका म्हणान."