नजीरचाचांचा लीगल कागद

लातुरात क्लासेसच्या गल्लीत आज जिथं मोबाइलची फुटकी काच बदलून देतात, तिथं पूर्वी नजीरचाचांचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान होतं. गाळा एवढासा, की तिसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याला पायरीवर उतरावं लागे. गल्लीत एसीवाली दुकानं पुष्कळ होती, पण बाहेरगावची पोरं चाचांकडेच यायची. फॉर्म भरताना चाचा मधेच विचारायचे, "जेवलास का रे?" आणि उत्तर येईस्तोवर पुढची ओळ भरायचे नाहीत. असला माणूस आता शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या गल्लीत त्याला कुणी टिकू देणार नाही.

चाचा मूळचे मुरुडचे. टायपिंग शिकून विशीतच कचेरीबाहेर लिंबाखाली मशीन मांडून बसले. त्र्याण्णव साली भूकंप झाला आणि त्यांना किल्लारीकडच्या छावणीत अर्ज टाइप करायला नेलं. घर पडल्याचा अर्ज, माणूस गेल्याचा अर्ज, सगळे लांबलचक लीगल कागदावर. लोकांचं सांगणं त्याहून आखूड कागदात मावतच नव्हतं. तेव्हापासून चाचांच्या लेखी कागद म्हणजे लीगल. ए-फोरला ते 'अर्धवट कागद' म्हणायचे. पुढं मशीन गेलं, संगणक आला, पोरं सगळं ए-फोरवर छापून घेऊ लागली, तरी कचेरीतली जुनी माणसं शपथपत्रं घेऊन चाचांकडेच येत राहिली. असं कुणी आलं की चाचा खूश. लीगलचा गठ्ठा कपाटातून असा काढायचे, जणू पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबश्या काढताहेत.

हेच कौतुक एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगलट आलं.

डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. सकाळी पहिलंच काम साहेबराव नावाच्या जुन्या कारकुनाचं, शपथपत्राचं. ते झाल्यावर चाचांनी ट्रेमध्ये ए-फोर भरला आणि पोरांची हॉलतिकिटं छापायला घेतली. वेबसाइट उघडायची, नंबर टाकायचा, प्रिंटचं बटण दाबायचं. वर फोटो आणि नाव नीट आलं की कागद पोराच्या हातात. खाली बघायला त्या गर्दीत सवड कुणाला होती?

दुपारी रेणुका आली. नायगावकडची पोरगी, दोन वर्षं होस्टेलला राहिलेली. सोबत तिचे वडील व्यंकटी. तिनं कागद उलटसुलट करून बघितला.

"चाचा, ह्यात बाबांच्या सहीचा चौकोनच न्हाई."

"आसंल बेटा, नीट बघ."

"न्हाई ना. अन् वर लिवलंय, पालकाची सही नसली तर आत सोडणार न्हाईत."

चाचांनी आधी वेबसाइटला नावं ठेवली, मग प्रिंटरला. पुन्हा छापलं, पुन्हा तळ गायब. तेव्हा कुठं त्यांनी बटण दाबायच्या आधी समोर येणारी खिडकी नीट वाचली. इतक्या वर्षांत कधी उघडली नव्हती ती 'आणखी सेटिंग्ज'ची ओळ उघडली. कागदाचा आकार: लीगल. सकाळचं शपथपत्र ब्राउझरनं इमानेइतबारे ध्यानात ठेवलं होतं. तो हॉलतिकीट चौदा इंचांवर मांडत होता, ट्रेमध्ये कागद होता पावणेबारा इंचांचा. उरलेलं हवेत.

चाचांनी तिथं ए-फोर निवडलं. तर ट्रेमध्ये ए-फोर असूनही प्रिंटर लाल दिवा लावून ए-फोरच मागू लागला. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही लीगलच होतं, चाचांनीच कधीकाळी हौसेनं घातलेलं. तेही बदललं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि पान निघालं ते सहीच्या चौकोनासकट. व्यंकटीनं तिथंच सही ठोकली आणि बापलेक हसत गेले.

चाचा मात्र हसले नाहीत. सकाळपासून आणखी सात पोरं तसलाच कागद घेऊन गेली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. दोन वर्षं डाळभात खाऊन अभ्यास केलेली पोरं उद्या फाटकावरून परत फिरणार होती, तीही ह्यांच्या लाडक्या कागदापायी.

फॉर्म भरताना पोरांचे नंबर, जन्मतारीख, फोन ते एका वहीत टिपून ठेवायचे. एकेकाला फोन लावला. सहाजण संध्याकाळपर्यंत येऊन नवी प्रत घेऊन गेले. प्रत्येकाला चाचा म्हणाले, "चूक माझी हाय बेटा." हे वाक्य त्यांच्या बायकोनं, हुसेनबींनी, उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. सातवा वीरभद्र, निलंग्याकडचा. त्याचा फोन बंद. खोलीवरच्या पोरानं सांगितलं, तो वडलांसंगं नांदेडला गेला, पाहुण्याकडं. पाहुण्याचं नाव म्हाईत न्हाई.

वहीतल्या नंबरावरून चाचांनी त्याचं हॉलतिकीट काढलं आणि पहाटेची नांदेड बस धरली.

"तो दुसरीकडून काढून घेईल की," हुसेनबी म्हणाल्या.

"त्याला ठाव असलं तर काढंल ना."

हॉलतिकिटावर छापलेल्या परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पोरांचा आणि पालकांचा नुसता समुद्र. चाचा एका कट्ट्यावर चढले आणि ओरडले, "वीरभद्र गुरुबसप्पा!" कुणी वळून बघितलं नाही. पुन्हा ओरडले. छावणीत गावाची यादी हातात देऊन त्यांना असंच नाव पुकारायला लावायचे. पुकारलं की माणूस पुढं यायचा आणि त्याचा अर्ज टाइप व्हायचा. काही नावांना कुणीच ओ द्यायचं नाही. चाचा थोडं थांबायचे, आणखी एकदा पुकारायचे, आणि मग नाइलाजानं खालच्या नावाकडे वळायचे. ह्या यादीत खालचं नावच नव्हतं. त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं, चौथ्यांदा पुकारलं.

"ओ चाचा, इकडं हाय की मी."

गर्दीतून वीरभद्र येत होता, मागं पिशवी सांभाळत गुरुबसप्पा. चाचा कट्ट्यावरून उतरले. त्यांनी कागद पुढं केला आणि सहीच्या चौकोनावर बोट ठेवलं. वीरभद्रानं खिशातली आपली प्रत उलगडून शेजारी धरली, आणि त्याचं तोंड उतरलं. गुरुबसप्पांनी पेन काढलं, पण टेकायला काही नव्हतं. चाचा पाठ करून वाकले. गुरुबसप्पांनी त्यांच्या पाठीवर कागद ठेवला, पेन टेकवलं आणि उचललं.

"चाचा, जरा हलू नका. सही वाकडी व्हायली."

"करा तुमी," चाचा म्हणाले, आणि तोंडात रुमाल धरून त्यांनी रडणं कसंबसं थांबवलं.